ते म्हणाले, तो म्हणाला

मराठी दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळी करणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा भेटणारं इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘से’. पीटीआय या वृत्तसंस्थेची कोणतीही कॉपी घ्या. अर्थसंकल्प असो, रेल्वे अपघात असो की कसोटी सामना, दर दोन-तीन वाक्यांमागे ‘सेड’ असतंच. यात नवल काही नाही. वार्ताहराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बातमीत थोडं असतं, कुणीतरी त्याला सांगितलेलं पुष्कळ. मंत्री म्हणाले, पोलीस म्हणाले, प्रत्यक्षदर्शी म्हणाले. हे ‘म्हणाले’ काढून टाकलं तर उरलेला सगळा मजकूर वर्तमानपत्र स्वतःच्या जबाबदारीवर सांगतंय असा अर्थ होईल.

मराठवाड्यातल्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा टेलिप्रिंटरमधून कागदाची लांबच लांब पट्टी खाली उतरत असे. ती फूटपट्टीने फाडायची, बातम्या वेगळ्या करायच्या, नको त्या खिळ्याला लावायच्या आणि हव्या त्या मराठीत लिहून काढायच्या. पुढे मुंबईला आले. कागद गेला, पडदा आला, काम तेच राहिलं. इंग्रजी वाचायचं आणि मराठी लिहायचं. मराठी पत्रकारितेच्या जन्मापासून हे काम चालत आलं आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जात होता. तेव्हापासून आजपर्यंत किती हातांनी या एका क्रियापदाचं मराठी केलं असेल!

‘से’ एकटं येत नाही. त्याच्याबरोबर स्टेटेड, क्लेम्ड, अलेज्ड, अ‍ॅडमिटेड, कन्फेस्ड, इन्सिस्टेड, रिव्हील्ड, पॉइंटेड आउट, वॉर्न्ड, डिनाइड असा सगळा गोतावळा येतो. शब्दकोश त्यांना समानार्थी म्हणून एका रांगेत बसवतो. पीटर मार्क रोजेट या इंग्रज डॉक्टरचा प्रसिद्ध ‘थिसॉरस’ १८५२ साली निघाला. त्याने शब्द अर्थांच्या वर्गांत लावले होते. एका वर्गातला शब्द दुसऱ्याच्या जागी बिनदिक्कत चालतो, ही समजूत वापरणाऱ्यांनी करून घेतली. इतकी वर्षं या गोतावळ्यात काढल्यावर माझं मत ठाम झालं आहे. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ‘म्हणाले’ सोडून जे जे क्रियापद आपण लिहितो, त्यात बोलणाऱ्याविषयी आपला निवाडा मिसळलेला असतो. तो निवाडा वाचकाला दिसत नाही, म्हणून तो जास्त काळजीने करायला हवा.

माझ्या पहिल्या चीफ सबचा, म्हणजे मुख्य उपसंपादकाचा, दंडक होता की एका बातमीत ‘म्हणाले’ दोनदा दिसता कामा नये. आधी ‘म्हणाले’, मग ‘सांगितले’, मग ‘नमूद केले’, ‘स्पष्ट केले’, ‘प्रतिपादन केले’ आणि शेवटच्या परिच्छेदात ‘असेही ते म्हणाले’. बहुतेक डेस्कवर हा क्रम आजही चालतो. शाळेतल्या निबंधापासून आपल्या मनावर ठसलेलं असतं की तोच शब्द पुन्हा आला की भाषा गरीब दिसते. इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही ही खोड होती. फाउलर बंधूंनी १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात तिला ‘एलिगंट व्हेरिएशन’ असं नाव देऊन तिचे वाभाडे काढले. एल्मोर लेनर्ड या अमेरिकन कादंबरीकाराने २००१ मध्ये लेखकांसाठी जे दहा नियम लिहिले, त्यातला एक असा की संवादाला ‘सेड’शिवाय दुसरं क्रियापद लावू नये. ही दोन नावं मला फार उशिरा कळली. पण ज्या गोष्टीमुळे त्या दंडकावरचा माझा विश्वास उडाला, ती आमच्याच जिल्ह्यातली होती.

एका साखर कारखान्याच्या गेटवर थकलेल्या ऊसबिलासाठी शेतकऱ्यांनी ठिय्या दिला होता. एजन्सीची इंग्रजी कॉपी अगदी सरळ होती. शेतकरी ‘सेड’, कारखान्याचे कार्यकारी संचालक ‘सेड’, तहसीलदार ‘सेड’. तीन माणसं आणि एकच क्रियापद. नव्याने लागलेल्या एका मुलाने तिचं मराठी केलं. त्यात शेतकऱ्यांनी ‘आरोप केला’, कार्यकारी संचालकांनी ‘स्पष्ट केले’ आणि तहसीलदारांनी ‘सांगितले’. मुलगा हुशार होता, त्याचा हेतूही वाईट नव्हता. पुनरुक्ती टाळायची म्हणून त्याने तीन वेगळी क्रियापदं वापरली होती. पण झालं काय? ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. गेटवर बसलेल्यांच्या खिशात काट्याच्या पावत्या होत्या, त्यांवर तारखा होत्या. पैसे मिळाले नाहीत हे कागदावर तपासून घेता येण्यासारखं होतं, आणि आमच्या बातमीत तोच भाग ‘आरोप’ ठरला. उलट कार्यकारी संचालकांनी पुढच्या पंधरवड्यात पैसे देऊ एवढंच म्हटलं होतं. ते अजून घडायचं होतं, त्याला पुरावा काहीच नव्हता, आणि ते ‘स्पष्ट’ झालं होतं. ‘स्पष्ट केले’ असं लिहिलं की आधी काहीतरी गैरसमज होता आणि तो आता दूर झाला, असं वाचणाऱ्याला वाटतं.

मी ती कॉपी पुढे ओढली आणि तिन्ही ठिकाणी ‘म्हणाले’ केलं. वाचून पाहिली. काही बिघडलं नव्हतं. ‘म्हणाले’ हा शब्द डोळ्याला खुपत नाही. वाचक त्याच्यावरून सहज पुढे जातो आणि माणूस काय म्हणाला तिकडे बघतो.

त्या दिवसापासून बातम्यांत कुणाला कोणतं क्रियापद मिळतं हे बघायची मला सवयच लागली. मोठा माणूस ‘ग्वाही’ देतो, ‘प्रतिपादन’ करतो, ‘भूमिका मांडतो’, फारच मोठा असेल तर ‘मार्गदर्शन’ करतो. लहान माणूस ‘आरोप’ करतो, ‘कैफियत’ मांडतो, ‘गाऱ्हाणं’ घालतो. बाई असली की क्रियापद आणखी खाली उतरतं आणि ‘टाहो फोडला’, ‘आक्रोश केला’ असं होतं. एका ग्रामसभेत महिला सरपंचांनी पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब वहीतून वाचून दाखवला आणि कंत्राटदाराला प्रश्न विचारले. वार्ताहराच्या बातमीत त्या ‘संतापल्या’. मी फोन करून त्याला विचारलं, आवाज चढला होता का? तो म्हणाला, “नाही मॅडम, वाचतच होत्या की.” मग त्यांनी हिशेब ‘वाचून दाखवला’ असं लिही, असं मी सांगितलं. आकडे त्याच्याकडे होतेच, तेही बातमीत आले, आणि बातमी पहिल्यापेक्षा कितीतरी चांगली झाली.

गुन्ह्यांच्या बातम्यांत या क्रियापदांना धार असते. इंग्रजी कॉपीत ‘अ‍ॅडमिटेड’ येतं आणि ‘कन्फेस्ड’ येतं, मराठीत दोन्हींचं ‘कबूल केले’ होतं. मथळा करताना जागा वाचवायची म्हणून ‘कबुली’. आता कायदा काय सांगतो बघा. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, त्यातही कलम २३ मध्ये हीच तरतूद आहे. कबुली कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. पकाला नारायण स्वामी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९३९ साली सांगितलं की आरोपीने गुन्हाच, किंवा गुन्हा बनवणारी जवळपास सगळी तथ्यं मान्य केली असतील तरच तो कबुलीजबाब. एखादी अडचणीत आणणारी गोष्ट मान्य करणं म्हणजे कबुली होत नाही. हे ज्ञान क्राइम रिपोर्टरला असतं. पण तो पोलीस ठाण्यातून फोनवर घाईत बातमी देतो, डेस्कवरचा माणूस ती घाईत उतरवून घेतो, आणि मधल्या मध्ये ‘किल्ली माझ्याकडे होती’ याचं ‘चोरी मी केली’ होऊन जातं.

हे उदाहरण बनवलेलं नाही. एका सराफी दुकानातल्या नोकराला पोलिसांनी चौकशीसाठी नेलं. त्या रात्री तिजोरीची किल्ली आपल्याकडे होती, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘नोकराची कबुली’ असा दोन कॉलमी मथळा होता. पुढे कोर्टात तो निर्दोष सुटला. सुटल्यावर काही दिवसांनी त्याचा मोठा भाऊ दुपारी कार्यालयात आला. मी एकटीच टेबलावर होते. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने कात्रण काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं आणि ‘कबुली’ या शब्दाखाली बॉलपेनने दोन रेघा ओढलेल्या होत्या. “ताई, किल्ली होती असं तो म्हणाला होता. चोरी केली असं तो कुणाला म्हणाला, तेवढं सांगा,” असं त्याने विचारलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. भावाचं ठरलेलं लग्न त्या मथळ्यानंतर मोडलं होतं. मी वृत्तसंपादकांना बोलावलं. निर्दोष सुटल्याची बातमी आणि खुलासा आतल्या पानावर छापून आला, मथळ्याच्या मानाने अगदीच बारीक अक्षरात. भाऊ तो अंक घेऊन गेला. जाताना ‘उपकार झाले’ म्हणाला, आणि त्याने असं म्हणावं याचंच मला फार वाईट वाटलं.

तो गेल्यावर मी ते जुनं कात्रण पुन्हा नीट वाचलं. अख्ख्या बातमीत दुकानाचे मालक ‘ते’ होते आणि नोकर ‘तो’ होता. मालक ‘म्हणाले’, नोकर ‘म्हणाला’. इंग्रजी बातमीत दोघांनाही ‘ही सेड’च लागलं असतं.

मराठीत लिहिणाऱ्याची इथे सुटका नाही. इंग्रजीत एक ‘सेड’ सगळ्यांना पुरतं, राष्ट्रपतींना आणि रिक्षाचालकालाही. मराठी क्रियापद मात्र उच्चारताक्षणी माणसाची पायरी सांगतं. म्हणाला, म्हणाली, म्हणाले, म्हणाल्या यांतलं एक निवडावंच लागतं, न निवडता वाक्य पुरं होत नाही. आपल्याकडे ही निवड कशी होते? आमदार, डॉक्टर, प्राध्यापक, कारखानदार ‘ते’. आरोपी ‘तो’, हमाल ‘तो’, सफाई कामगार ‘तो’, घरकाम करणारी ‘ती’. खेळाडू आणि सिनेनट यांना आपण प्रेमाने ‘तो’ म्हणतो. शतक ठोकणारा ‘तो म्हणाला’ आणि निवृत्त होऊन समालोचनाला बसला की ‘ते म्हणाले’. हा ‘तो’ जवळिकीचा आहे, त्याने कुणाचं नुकसान होत नाही. आरोपीचा ‘तो’ वेगळा. खटला उभा राहायच्या आधीच मराठी व्याकरणाने त्याला शिक्षा सुनावलेली असते.

माझ्याकडे पाळीची जबाबदारी आल्यावर मी एकच नियम घालून दिला. प्रौढ माणूस असेल तर तो कुणीही असो, आपण ‘ते’ आणि ‘त्या’ लिहायचं. कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत आरोपीलाही. याला विरोध झाला. वाचकांचे फोन आले की दरोडेखोराला ‘ते’ कशाला म्हणता? एका भयंकर गुन्ह्याच्या वेळी सहकाऱ्यांनीही विचारलं की अशा माणसाला आदरार्थी बहुवचन लावताना हात धजावतो कसा? प्रश्न चुकीचा नव्हता, मलाही लिहिताना जड गेलं. शेवटी आम्ही वाक्यरचना बदलून वाट काढली. ‘आरोपीने पोलिसांना सांगितले’ असं लिहिलं की ‘तो’ही नको आणि ‘ते’ही नको. मराठीत ‘सांगितले’ला कर्ता ‘ने’ लावून येतो आणि क्रियापद त्याच्या मागे जात नाही, त्यामुळे तिथे पायरी लपवता येते. ‘म्हणाले’ला ही सोय नाही, ते कर्त्याप्रमाणेच चालतं; ‘म्हटले’ला मात्र आहे. गंमत अशी की ‘म्हटले’ची ही रीत जुनीच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून केलेल्या ‘लीळाचरित्रा’त कर्ता तृतीयेत आणि क्रियापद ‘म्हणितलें’ असंच पानोपानी येतं. त्या ग्रंथाबद्दल मला आणखी एका कारणासाठी आदर आहे. एकाच प्रसंगाच्या दोन सांगण्यांत फरक असेल तर तोही तिथे नोंदलेला सापडतो. कोण काय म्हणालं याची इतकी चोख काळजी घेणारा ग्रंथ मराठी गद्याच्या अगदी आरंभी उभा आहे.

हमालाला ‘ते’ लिहायला मात्र वाट काढावी लागली नाही, सरळ लिहू लागलो. एका पावसाळ्यात भिंत कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या, त्या बातमीत वाचलेल्या एका घरकामगार बाईंचं म्हणणं होतं. आम्ही ‘त्या म्हणाल्या’ लिहिलं. त्यावर एकही फोन आला नाही.

दुसरी अडचण क्रियापदाच्या जागेची. इंग्रजीत कोण बोललं आणि कसं बोललं हे बहुधा सुरुवातीलाच किंवा पहिल्या स्वल्पविरामानंतर कळतं. मराठीत ते वाक्याच्या शेवटी येतं. चाळीस शब्दांचं वाक्य वाचून झालं की मग ‘असा दावा त्यांनी केला’. तोवर वाचकाने सगळं खरं मानून घेतलेलं असतं. मथळ्यात तर दावा गळतोच, जागा नसते. म्हणून वादाची गोष्ट असेल तेव्हा बोलणाऱ्याला पुढे आणायचं, ‘पोलिसांचं म्हणणं असं की’ अशी सुरुवात करायची, हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगत असे.

‘म्हणणं’ या नामाची किंमत मला कोर्टाच्या बातम्यांनी शिकवली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका कोर्टात जा, वकील ‘से दाखल केला’, ‘समोरच्याचा से आला नाही’ असं बोलताना ऐकू येतील. एका बाजूने अर्ज दिला की दुसऱ्या बाजूने त्यावर द्यायचं उत्तर म्हणजे ‘से’, आणि मराठी कामकाजात त्याला ‘म्हणणे’च म्हणतात. तिथे कुणाच्या म्हणण्याला चढवणं नाही की उतरवणं नाही. दोन्ही बाजूंचं ‘म्हणणे’ कागदावर येतं, मग न्यायाधीश ठरवतात. बातमीने यापेक्षा जास्त काही करायचं नसतं.

‘तो येणार म्हणे’ यातल्या ‘म्हणे’ची मला नेहमी हळहळ वाटत आली. एवढ्या छोट्या शब्दात ‘मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे’ हे सगळं येतं. इंग्रजी कॉपीत ‘रिपोर्टेडली’ आलं की मला तोच आठवायचा. पण बातमीत तो चालत नाही, कारण बोलण्यात त्याला अविश्वासाचा आणि थट्टेचा सूर चिकटला आहे. ‘मंत्री राजीनामा देणार म्हणे’ असं छापलं तर लोक हसतील. मग ‘समजते’, ‘कळते’, ‘सूत्रांनी सांगितले’ यांवर भागवायचं. ‘अलेज्ड’साठी ‘कथित’ आला. तो शब्द रुक्ष आहे पण प्रामाणिक आहे, मी त्याच्या बाजूने आहे.

काही क्रियापदांनी मात्र मराठीत येऊन फारच गोंधळ घातला. स्फोट घडवणारी संघटना ‘क्लेम्ड रिस्पॉन्सिबिलिटी’, आणि आपण लिहितो ‘जबाबदारी स्वीकारली’. रेल्वे अपघातानंतर राजीनामा देणारा मंत्रीही जबाबदारीच स्वीकारतो. दोन्ही ठिकाणी तेच शब्द कसे चालतील? ‘हा स्फोट आपणच घडवल्याचे म्हटले आहे’ असं लिहायला चार शब्द जास्त लागतात, ते लावावेत. ‘रिफ्यूटेड’ म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढणं आणि ‘डिनाइड’ म्हणजे नुसतं नाही म्हणणं. इंग्रजी वार्ताहरच त्यात घोळ घालतात, त्यामुळे ‘आरोप खोडून काढले’ असं लिहिण्याआधी कॉपीत पुरावा दिला आहे का ते शोधायचं. नसेल तर ‘फेटाळले’. ‘डिक्लाइन्ड टु कॉमेंट’चं ‘बोलण्यास नकार दिला’ केलं की माणूस काहीतरी लपवतोय असं दिसतं. बऱ्याचदा ‘याबाबत ते काही बोलले नाहीत’ एवढं पुरतं. आवाहन आणि आव्हान यांच्याबद्दल लिहायला नको. पण शांततेचं आव्हान करणारे पोलीस अधिकारी अजूनही छापून येतात.

आणि कोर्टाचं ‘ऑब्झर्व्हड’. इंग्रजीत त्या क्रियापदाचा एक अर्थ बघणं आणि एक अर्थ बोलता बोलता मत मांडणं. आपण पहिल्यावरून दुसऱ्याचं मराठी केलं आणि ‘निरीक्षण नोंदवले’ रूढ झालं. न्यायाधीश सुनावणीत तोंडी जे बोलतात ते आदेशात असेलच असं नाही. २०२१ मध्ये करोनाकाळातल्या निवडणूक प्रचारावरून मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल तोंडी कडक शब्द वापरले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी शेरे हे अधिकृत न्यायालयीन नोंदीचा भाग नसल्याचं सांगितलं, आणि माध्यमांना सुनावणीचं वृत्त देण्यापासून रोखायलाही नकार दिला. म्हणजे छापायचं खुशाल, पण ‘नोंदवले’ कसं म्हणणार? जे नोंदलंच गेलं नाही त्याला ‘सुनावणीदरम्यान न्यायमूर्ती म्हणाले’ हेच बरोबर आहे.

राजकारणाच्या बातम्यांचा प्रश्न इंग्रजीतून आलेला नाही, तो आपला घरचा आहे. टोला लगावला, चिमटा काढला, कानपिचक्या दिल्या, खडसावले, ठणकावले, तोफ डागली, हल्लाबोल केला, घरचा आहेर दिला. ही मराठीची श्रीमंती आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण तिचा वापर कसा होतो ते पाहा. एका पुरस्कार समारंभात दोन पक्षांचे नेते एका मंचावर होते. एक जण दुसऱ्याकडे हसून पाहत म्हणाला की आमच्या तालुक्यालाही कधीतरी निधी द्या. दुसराही हसला. संध्याकाळी वार्ताहराची बातमी आली, ‘निधीवरून लगावला टोला’. सभागृहात बसलेल्या कुणालाही टोला दिसला नव्हता. मी तो मथळा काढून नेता जे म्हणाला तेच मथळ्यात घेतलं. वृत्तसंपादकांचं मत पडलं की बातमीतला जीव गेला. आमचा यावर वाद झाला आणि तो मिटला नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. रोज टोले, तोफा आणि हल्ले छापले की खरंच कुणी गरजलं तेव्हा त्याच्यासाठी शब्द उरत नाही.

नुसत्या ‘म्हणाले’वर माझा सगळ्यात पक्का भरवसा बसला तो किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. सकाळचे अंक तोवर छापून गाड्यांत चढले होते. आम्ही मिळेल त्या वाहनाने कार्यालयात पोचलो. टेलिप्रिंटर थांबत नव्हता आणि प्रत्येक तारेत मृतांचा आकडा वेगळा होता. जिल्हा प्रशासनाचा एक, पोलिसांचा दुसरा, सास्तूर गावाहून आलेल्या माणसाने सांगितलेला तिसरा. इंग्रजी तारांत ‘फिअर्ड डेड’ होतं. भीती कुणाला वाटत होती आणि कशावरून, हे त्यात नव्हतं. त्या दिवशी पाळीवर असलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने ठरवून टाकलं की प्रत्येक आकड्याबरोबर तो सांगणाऱ्याचं पद आणि वेळ जाईल आणि क्रियापद एकच राहील. जिल्हाधिकारी सकाळी अकराला म्हणाले. गावातून आलेले शिक्षक दुपारी म्हणाले. ‘म्हणाले’ किती वेळा आलं याची कुणी पर्वा केली नाही. ज्यांचे नातेवाईक त्या गावांत होते ते लोक कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून अंक वाचत होते आणि कोणता आकडा कुणाचा हे बोट ठेवून एकमेकांना दाखवत होते. त्यांना आमच्याकडून तेवढंच हवं होतं.

आता डेस्कवर यंत्र भाषांतर करतं. इंग्रजी कॉपी टाकली की क्षणात मराठी येते, आणि ती पूर्वीपेक्षा बरीच चांगली असते हे मान्य करायला हवं. मी निवृत्तीनंतरही कधीमधी जुन्या सहकाऱ्यांकडे जाते, तेव्हा पडद्यावर डोकावते. यंत्राला ‘सेड’ कळतं, पण ‘ते म्हणाले’ की ‘तो म्हणाला’ हे इंग्रजी वाक्यात लिहिलेलंच नसतं. मग एखाद्या महिला न्यायमूर्ती ‘ती म्हणाली’ होतात आणि पुढच्याच ओळीत त्यांच्यासमोरचे वकील ‘ते म्हणाले’ होतात. तिथे माणसाची नजर लागते. घाईत ती फिरवली जात नाही, आणि मोबाइलवर बातमी गेली की गेली. मुलांना मी सांगते की बाकी काही तपासायला वेळ नसेल तर नाही, पण कॉपीतली फक्त ‘म्हणाले’ची ठिकाणं बघून मग पान सोडा. तेवढ्याला दोन मिनिटं पुरतात.

वाचकांनाही एक विनंती आहे. आकडा चुकला, आडनाव चुकलं, फोटो दुसऱ्याचा लागला, यासाठी संपादकांकडे पत्रं येतात. क्रियापद चुकलं म्हणून फार थोडे लोक लिहितात. आपल्या घरातल्या, गावातल्या माणसाच्या तोंडी वर्तमानपत्राने चुकीचं क्रियापद घातलं असेल, ‘म्हणाले’च्या जागी ‘आरोप केला’ किंवा ‘कबुली दिली’ छापलं असेल, तर कात्रण जोडून दोन ओळी लिहा. काय म्हणाले होते आणि काय छापलं, एवढंच पुरे. संपादकांनी दाद दिली नाही तर १९७८ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत ती मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते.